जग पाहून आलेले लोक

आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गात अलीकडे एका नव्या प्रतिष्ठेची भर पडली आहे. पूर्वी मुलाची परीक्षा, मुलीचे लग्न आणि स्वतःचे घर या तीन गोष्टींवरून कुटुंबाची पायरी ठरत असे. आता त्यांच्या पंक्तीस 'तुमचे युरोप झाले का?' हा प्रश्न येऊन बसला आहे. काशी होते, रामेश्वर होते, त्याचप्रमाणे युरोपही 'होते'. हे क्रियापद लोकांच्या तोंडी सहज आले असले तरी ते मोठे मार्मिक आहे. जे एकदा झाले ते संपले. त्याविषयी पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही. ही गोष्ट केवळ पुण्यामुंबईची आहे असे मात्र कोणी समजू नये. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, तेलंगणास टेकून असलेल्या आमच्या धर्माबादेतूनही आता उन्हाळ्याच्या सुट्टीत काही कुटुंबे विमानाने पश्चिमेकडे जातात व पंधरा दिवसांनी जग पाहून परत येतात. या जग पाहण्यासंबंधाने आम्हांस आज चार अप्रिय शब्द बोलावयाचे आहेत.

प्रसंग असा घडला. आमचे एक स्नेही सहकुटुंब इटलीची यात्रा करून आले आणि त्यांनी एका संध्याकाळी आम्हां वीसपंचवीस मंडळींस छायाचित्रे पाहण्यास बोलाविले. चिवडा, लाडू व चहा यांची व्यवस्था उत्तम होती. दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर रोम शहर वीस मिनिटांत आटोपले, फ्लॉरेन्सला दहा मिनिटे मिळाली. परंतु नेपल्सच्या आखातातील काप्री नामक बेट आले आणि घड्याळ जणू थांबले. श्रीमंत व नामांकित लोकांची ही विहारभूमी. सिनेमातील नटनट्या येथे येतात, कोट्यधीशांच्या नौका येथे नांगर टाकतात. तेव्हा त्या निळ्या पाण्यासमोर स्नेही, त्याच पाण्यासमोर त्यांच्या सौभाग्यवती, पुन्हा त्याच पाण्यासमोर चिरंजीव, आणि अखेर सर्वांचे मिळून, असा क्रम तासभर चालला. मंडळी 'वा! वा!' म्हणत होती. इतक्यात कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेल्या स्नेह्यांच्या मातुःश्रींनी विचारले, "चहूकडं समद्राचं खारं पाणी दिसतंय रे. मग तिथली माणसं प्यायला पाणी कुठून आणतात?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग नातवाने उत्तर दिले, "आजी, तिथं बाटल्या मिळतात की!" यावर सगळी मंडळी हसली व पुढचे चित्र आले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

घरी परत येताना मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटू लागली. ज्या बाईने नांदेडच्या पलीकडे फारसा प्रवास केलेला नाही, तिने दीड तासात प्रवाशास शोभेल असा एकच प्रश्न विचारला. आणि ज्यांनी त्या बेटावर प्रत्यक्ष पाऊल ठेवले त्यांस तो सुचला नव्हता, इतकेच नव्हे तर विचारल्यावर तो हास्यास्पद वाटला. आमच्या आजच्या लेखाचा सारा विषय एवढाच आहे.

ते बेट पाहिले गेले तरी कसे, हे स्नेह्यांच्याच तोंडून ऐकलेले येथे देतो. सकाळी सोरेंटोच्या बंदरातून बोट निघाली. बेटावर उतरताच सुप्रसिद्ध नीलगुहेकडे प्रयाण. गुहेचे तोंड पाण्याच्या वर जेमतेम मीटरभर उंच, म्हणून लहान नावेत उताणे पडून आत शिरावे लागते. दाराशी दीड तास खोळंबा; आत पाच मिनिटे; नावाडी गाण्याची एक तान घेतो व बक्षिशीची आठवण करून देतो. तेथून दोरगाडीने वरच्या चौकात. तेथे एका कॉफीस आपल्याकडील सहकुटुंब जेवणाचे पैसे. मग समुद्रात उभ्या असलेल्या तीन सुळक्यांसमोर छायाचित्रे, अत्तराच्या दुकानात अर्धा तास, आणि संध्याकाळच्या बोटीने परत. दुपारचे जेवण यात्राकंपनीच्या आचाऱ्याने बांधून दिलेले होते, पुरी व बटाट्याची भाजी. शिवाय प्रत्येक कुटुंबाच्या पिशवीत धर्माबादी तिखटाची डबी होतीच. दक्षिण इटलीतील शेतकरी लाल मिरची वाळवून आवडीने खातो, आणि त्याची मिरची व आमची मिरची या दोन्ही पोर्तुगीज-स्पॅनिश गलबतांच्या काळी अमेरिकेतूनच आलेल्या बहिणी आहेत, ही गोष्ट त्या डबीचे झाकण उघडताना कोणाच्या कानावर गेली असती तर जेवणास आणखी चव आली असती. पण ते असो.

त्या रात्रीपासून आम्ही आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो. आम्ही काप्री पाहिलेली नाही हे प्रथमच सांगून टाकतो; आमचे ज्ञान पुस्तकांचे व वर्तमानपत्रांचे आहे. परंतु जे सापडले ते नीलगुहेहून कमी अद्भुत नाही.

काप्री हे सुमारे दहा चौरस किलोमीटरांचे चुनखडीचे बेट. त्यावर नदी नाही. पाऊस पडतो तो खडकाच्या भेगांतून निसटून जातो. रोमन बादशहा टायबेरियस हा इ. स. २७ पासून ३७ साली मरेपर्यंत दहा वर्षे या बेटावर राहिला आणि येथूनच त्याने एवढे मोठे साम्राज्य चालविले. पूर्वेकडील कड्यावर त्याच्या 'व्हिला योविस' या प्रासादाचे अवशेष आहेत. त्या प्रासादाच्या पोटात काय आहे? पावसाचे पाणी साठविण्याची प्रचंड टाकी! सगळा वाडा त्या टाक्यांच्या भोवती व त्यांच्यावर रचलेला आहे. ज्याच्या शब्दावर जग हालत होते त्या बादशहासही आभाळाकडे तोंड करून बसल्याशिवाय गत्यंतर नव्हते. देवगिरीवरचा हत्ती हौद ज्याने पाहिला आहे त्या मराठी मनुष्यास ही टाकी पाहताच ओळख पटली असती. पण आमच्या स्नेह्यांस तो कडा खालून बोटीतूनच दाखविण्यात आला व 'येथून बादशहा माणसे समुद्रात ढकलून देई' एवढी कथा सांगण्यात आली. माणसे ढकलल्याची गोष्ट ऐकावयास दोन मिनिटे पुरतात. पाणी साठविल्याची गोष्ट समजावयास थोडे थांबावे लागते.

पुढे ऐका. बंदरापासून वरच्या आनाकाप्री गावापर्यंत खडकात खोदलेल्या नऊशेवर पायऱ्यांची एक प्राचीन वाट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाडीरस्ता होईपर्यंत वर जाण्याचा मुख्य मार्ग हाच होता, आणि पाण्यासह लागेल ती वस्तू बेटावरच्या बायका या पायऱ्यांवरून डोक्यावर वाहून नेत. जर्मन कवी व चित्रकार कोपिश याने १८२६ साली नीलगुहेचा 'शोध' लावला असे प्रवाशांस सांगतात; बेटावरच्या कोळ्यांस ती गुहा आधीपासून ठाऊक होती व त्यांच्यातल्याच एकाने त्यास तेथे नेले, हे क्वचितच सांगतात. त्या शोधानंतर युरोपातील रसिकांची रीघ लागली. पाहुणे वाढले तसे पाणी अपुरे पडले. मुख्य भूमीवरून जहाजांनी पाणी आणावे लागले, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्राच्या तळाशी नळ टाकून ते बेटावर पोहोचविण्यात आले. आज काप्री जगते ती त्या नळावर. ता. २२ जून २०२४ रोजी मुख्य भूमीवरील पुरवठ्यात बिघाड झाला, तेव्हा नगराध्यक्षांनी पाहुण्यांस बेटावर उतरण्याचीच बंदी केली. भर हंगामात बोटी अडविल्या गेल्या. रहिवाशांसाठी टँकर आला आणि प्रत्येक कुटुंबास पंचवीस लिटर पाणी नेण्याची मुभा मिळाली.

वाचकहो, हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. टँकर, रांग, कुटुंबामागे मोजून दिलेले लिटर. ही भाषा मराठवाड्यातील कोणत्या घरास परकी आहे? सन २०१६ च्या मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. ता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटर धावत आलेली दहा टाक्यांची आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात शिरली. काप्रीस पाणी जहाजाने जात होते, लातुरास आगगाडीने आले. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर काप्रीचे खरे दुःख न सांगता ओळखू शकेल असा प्रवासी जर कोठला असेल, तर तो आमच्या मराठवाड्यातला! पॅरिसचा किंवा न्यूयॉर्कचा पाहुणा ते ओळखू शकला नाही तर त्यास क्षमा आहे. आम्हांस नाही. आमची खरी तक्रार ही आहे, आणि ती हौसेविरुद्ध किंवा पैशाविरुद्ध नाही. ज्या एका विषयात आम्ही अनुभवाने पंडित आहोत, तो विषय विमानतळावरच सोडून आम्ही मोकळ्या हातांनी जग पाहण्यास निघतो.

त्याच २०१६ साली आणखी एक गोष्ट घडली होती, तिचीही आठवण येथे करून देतो. तेव्हा आम्ही स्वतःच प्रेक्षणीय स्थळ झालो होतो. देशोदेशीचे छायाचित्रकार लातुरास आले. रिकाम्या घागरींच्या रांगा, विहिरीच्या तळाशी उतरलेले पोर, भेगाळलेली जमीन, यांची चित्रे त्यांनी घेतली व ते गेले. त्या चित्रांनी काही मदतही मिळवून दिली असेल. परंतु रांगेत उभ्या असलेल्या बाईस आपल्यावर रोखलेल्या त्या यंत्राविषयी काय वाटले असेल, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. 'आमची दैना यांना तमाशा झाली', हे उद्गार आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. जो मनुष्य पाहिला जाण्याचे दुःख जाणतो त्याने तरी पाहताना अधिक सभ्य असावे. काप्रीवरील धोबी, हमाल, नावाडी, शाळामास्तर यांतील कित्येकांस बेटावरचे घरभाडे परवडत नाही. ते रोज मुख्य भूमीवरून बोटीने येतात व बोटीने जातात. आमच्या स्नेह्यांच्या शेजारच्या बाकावर सकाळी तेच लोक बसले असतील. त्यांचे एकही चित्र त्या संध्याकाळी पडद्यावर दिसले नाही. याच भूमध्य समुद्रातील मालोर्का बेटावर २०२४ च्या जुलैत हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले व पाहुण्यांचा हा लोंढा आवरा म्हणून ओरडले. त्यांस आम्ही आतिथ्यशून्य म्हणावे काय? आमच्या गावात रोज गावाच्या लोकसंख्येइतके पाहुणे उतरले असते, आमच्या पाण्यात आंघोळी करून, आमच्या पोरांची चित्रे घेऊन संध्याकाळी निघून गेले असते, तर आमचे आतिथ्य किती दिवस टिकले असते याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता घरचेच पाहू. परमुलखात जाऊन पाण्याचा प्रश्न विचारावयास ज्यांनी शिकावयाचे, त्यांस घराजवळचा पाठ तरी येतो काय? धर्माबादेपासून थोड्याच अंतरावर गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. या बंधाऱ्यासाठी दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. जुलै २०१० मध्ये आंध्र प्रदेशातील तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या सहकाऱ्यांसह बंधाऱ्याविरुद्ध निषेध करण्यास आले, त्यांस अटक झाली व आमच्याच गावातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठेवण्यात आले. ता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. बंधाऱ्याची साठवणशक्ती २.७४ अब्ज घनफूट, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे सर्व दरवाजे उघडे ठेवावयाचे, त्यानंतर लावावयाचे, आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली श्रीरामसागरासाठी सोडावयाचे. म्हणजे नदी दुथडी वाहत असताना दारे उघडी, आणि पाऊस सरल्यावर जे उरेल ते अडविण्याची परवानगी! खालच्या शेतकऱ्यासही पाणी हवेच, त्यास आम्ही वैरी मानीत नाही. न्यायालयास दोन लेकरांत एक भाकर वाटावयाची होती. परंतु दरवर्षी १ जुलैला दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांसमक्ष ती दारे वर उचलली जातात व साठलेले पाणी खाली निघून जाते, हे दृश्य आमच्या गावातील किती पदवीधरांनी पाहिले आहे? किती शिक्षकांनी वर्गातील मुले तेथे नेली आहेत? आमच्या मते ज्यात भूगोल, कायदा, शेती आणि मनुष्यस्वभाव एकाच वेळी दिसतात असे प्रेक्षणीय स्थळ सबंध जिल्ह्यात दुसरे नसेल. पण तेथे अत्तराचे दुकान नाही.

बासरची गोष्ट तशीच. वसंतपंचमीस मुलाच्या हातून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेण्यासाठी आमची शेकडो कुटुंबे तेथील सरस्वतीस जातात. १९५६ साली भाषावार प्रांत होईपर्यंत बासर ज्या मुधोळ तालुक्यात होते तो नांदेड जिल्ह्यातच होता; आज मध्ये राज्याची सीमा आहे. ज्या देवीपुढे मराठी पोर 'श्री' काढते त्याच देवीपुढे शेजारचे तेलुगू पोर 'ओं' काढते, आणि दोघांच्या आया एकमेकींस अर्ध्या तेलुगूत व अर्ध्या मराठीत प्रसादाचा भाव विचारतात. हे पाहावयास पारपत्र लागत नाही, म्हणूनच की काय, हे कोणी पाहत नाही. बासरच्या पुढे गाडी गोदावरीच्या पुलावर आली की खेडूत बाया खिडकीतून नदीत नाणे टाकतात, आणि आमची शिकलेली मंडळी त्यांच्या अंधश्रद्धेस हसतात. तीच मंडळी रोमच्या त्रेवी कारंजात पाठमोरी उभी राहून नाणे टाकताना आम्ही त्या संध्याकाळी पडद्यावर पाहिली. ते चित्र दोनदा दाखविण्यात आले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, मनुष्य वर्षभर राबतो, चार दिवस विसाव्यासाठी जातो. तेथे त्याने नळाची चौकशी करीत हिंडावे काय? आम्ही म्हणतो, विसावा अवश्य घ्यावा. समुद्राकाठी स्वस्थ बसून लाटा मोजणाऱ्या मनुष्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु पहाटे पाचला उठून, रांगेत दीड तास तिष्ठून, पाच मिनिटे उताणे पडून, धावत बोट गाठणे यास विसावा म्हणावयाचे असेल तर कारखान्यातील पाळीस काय म्हणावे? हे लोक विसावाही घेत नाहीत व पाहतही नाहीत. ते केवळ यादी पुरी करतात.

दुसरा आक्षेप आमच्यावर वैयक्तिक आहे. 'तुम्हांस जावयास मिळाले नाही, म्हणून द्राक्षे आंबट.' यास आमचे उत्तर असे की, द्राक्षे गोड असतील याविषयी आम्हांस शंका नाही. ज्यांनी ती खाल्ली त्यांस चव सांगता येत नाही, एवढेच आमचे दुःख आहे. काप्रीच्या गुहेतील पाणी निळे का दिसते, हेही आम्ही त्या संध्याकाळी विचारले होते. कोणासही ठाऊक नव्हते. गुहेच्या तोंडाखाली पाण्यात बुडालेले दुसरे मोठे द्वार आहे. सूर्याचा प्रकाश त्यातून पाण्यामधून गाळून आत येतो, त्यातील तांबडा अंश पाणी शोषून घेते व निळा तेवढा उरतो. हे कळले असते तर निळेपणा कमी झाला असता काय? उलट ती पाच मिनिटे जन्मभर पुरली असती.

तिसरा आक्षेप आमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक अमान्य आहे. ते म्हणतात, 'बरोबर! आधी आपले माहूर पाहा, कंधार पाहा, सहस्रकुंडाचा धबधबा पाहा. परदेशाचे खूळ कशाला?' नाही. घरकोंबडेपणास देशाभिमानाचे नाव देण्याची ही जुनी खोड आहे. समुद्रोल्लंघन केले म्हणून प्रायश्चित्त घ्यावयास लावणारे याच मुशीतले. त्या बंधनाविरुद्ध आमच्या पूर्वजांनी केवढे सोसले! आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेस निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. पंडिता रमाबाई अमेरिकेहून आल्या व त्यांनी १८८९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. शब्दांचा क्रम लक्षात घ्यावा: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. वरसईचे गोडसे भटजी तर यज्ञाच्या दक्षिणेसाठी ग्वाल्हेरकडे निघाले होते. वाटेत १८५७ चा प्रलय भेटला आणि त्या गरीब भिक्षुकाने डोळे उघडे ठेवले म्हणून 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली महाराष्ट्राच्या हाती आले. या लोकांनी जी वाट प्राणमोलाने मोकळी केली, ती आम्ही पाठमोरे उभे राहून चित्र काढून घेण्यासाठी वापरावी, यापरते कृतघ्नपण कोणते? म्हणून आम्ही म्हणतो: जा, अवश्य जा, आणखी दूर जा, पण काही पाहून या.

इटलीत तर पाहण्यास आमचे स्वतःचे असे पुष्कळ आहे. रोमहून नेपल्सकडे जाणारा हमरस्ता कॅसिनोवरून जातो. काप्रीस निघालेली यात्राकंपनीची गाडी येथून धावते तेव्हा बहुधा आत गाण्याच्या भेंड्या चाललेल्या असतात. १९४४ च्या पहिल्या पाच महिन्यांत या कॅसिनोसाठी चार लढाया झाल्या. त्यांत हिंदी पलटणी लढल्या, आणि तेथील युद्धस्मशानभूमीत हिंदी शिपाई पुरलेले आहेत, ज्यांस अग्नी दिला त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. त्याच वर्षी १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे याच्या तुकडीवर यंत्रबंदुकीचा मारा झाला. बरोबरचे सारे पडले. हा एकटा पुढे धावला, हातबॉम्ब फेकून त्याने ती बंदूक बंद पाडली, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने तो लढला आणि शत्रूच्या गोळीने पडला. वय बावीस, गाव कोकणातील माणगावाकडचे पळसगाव. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो परक्या सरकारच्या लढाईत मेला हे खरे. परंतु तो आमच्या भाषेचा होता, हेही तितकेच खरे. त्या खोऱ्यातील मोंतोने या गावच्या लोकांनी २०२३ साली आपल्या गावी त्याचे स्मारक उभे राहिलेले पाहिले. इटलीतील एका लहानशा गावास घाडग्यांचे नाव ठाऊक आहे. आणि इटली 'झालेल्या' आमच्या वीसपंचवीस मंडळींत ते एकासही ठाऊक नव्हते. स्नेह्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत अत्तराच्या दुकानास अर्धा तास होता. कॅसिनोस पाच मिनिटे नव्हती.

तात्पर्य, दोष यात्राकंपनीचा थोडा व आमचा फार आहे. गिऱ्हाईक मागेल तो माल दुकानदार ठेवतो. आम्ही 'किती ठिकाणे?' असे विचारतो, म्हणून ते ठिकाणे मोजून देतात. उद्या शंभर कुटुंबांनी 'तेथील माणसे कशी राहतात ते दाखवाल काय?' असे विचारण्यास आरंभ केला तर कार्यक्रमपत्रिका आपोआप बदलतील. आमची सूचना अगदी साधी आहे. निघण्यापूर्वी घरातील मुलांस घेऊन बसावे व जेथे जावयाचे त्या गावाविषयी तीन प्रश्न कागदावर लिहावे: तेथील लोक पाणी कोठून पितात, पोट कशावर भरतात, आणि आपल्यासारखे पाहुणे येतात ते त्यांस आवडते की नाही. परत आल्यावर छायाचित्रांच्या आधी ही उत्तरे वाचून दाखवावी. आणि ज्यांस विमानाचे भाडे परवडत नाही त्यांनी हेच तीन प्रश्न घेऊन धर्माबादेच्या मिरचीबाजारात जावे. देठ खुडून खुडून ज्यांच्या हातांची आग दिवसभर शमत नाही अशा बाया तेथे बसलेल्या असतात. त्यांच्या गावी नळास पाणी किती दिवसांनी येते, हे एकदा विचारून पाहावे. ज्यास हे विचारता आले त्यास काप्रीही दिसेल. ज्यास येथे काही दिसत नाही, त्याच्या दृष्टीस सात समुद्र ओलांडून पाझर फुटेल अशी आशा आम्हांस नाही.

आठ दिवसांनी आम्ही मुद्दाम स्नेह्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या मातुःश्रींस त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले: बादशहाची टाकी, पायऱ्यांवरून डोक्यावर पाणी नेणाऱ्या बायका, पाण्याची जहाजे, समुद्राखालचा नळ, त्या जून महिन्यातला बिघाड आणि पंचवीस लिटरांचा हिशोब. स्नेही व त्यांचे चिरंजीवही येऊन बसले. म्हातारीने सारे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे लातुरावाणीच की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "झाला का नीट नळ मग त्यांचा?"

झाला, असे आम्ही सांगितले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि तिने सुनेस आमच्यासाठी चहा टाकावयास सांगितला.